बढती का मिळाली नाही, हे ठरवण्याआधी

तुझी आवडती बॅले नर्तिका अजून मागच्या रांगेतच, म्हणजे समूहातच आहे म्हणून तू बॅले कंपनीच्या डायरेक्टरवर चिडली आहेस. चीड समजते गं. पण आधी पायऱ्या समजून घे. लंडनच्या रॉयल बॅलेत खालून वर आर्टिस्ट, फर्स्ट आर्टिस्ट, सोलोइस्ट, फर्स्ट सोलोइस्ट आणि मग प्रिन्सिपल. पॅरिस ऑपेरात सर्वोच्च मान एत्वालचा, म्हणजे ताऱ्याचा. तो स्पर्धेतून मिळत नाही, व्यवस्थापन देतं, बहुधा प्रयोग संपताच रंगमंचावर.

1984 मध्ये पॅरिस ऑपेरा बॅलेचा तेव्हाचा डायरेक्टर नुरेयेव्हनं नर्तिका सिल्वी गिलेमला एत्वाल केलं, तेव्हा ती फक्त 19 वर्षांची होती. पारखी नजर, यात वाद नाही. पण तिला बाहेर पाहुणी म्हणून नाचायची मोकळीक हवी होती, ती मिळेना. 1989 मध्ये ती लंडनला निघून गेली. हिरा ओळखणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं, असं मला तेव्हापासून वाटतं.

पॅरिस ऑपेरात नर्तकांची 42 व्या वर्षी निवृत्ती. म्हणून मागच्या रांगेत गेलेलं प्रत्येक वर्ष महाग पडतं, आणि बढती लांबवणाऱ्यांनी निदान त्या मुलीला कारण तरी सांगावं, हे माझं ठाम मत आहे.

तू मात्र बढती न मिळण्यामागे दुखापत असेल, असा अंदाज बांधून कुणाबद्दल लिहू नकोस. त्यापेक्षा ‘स्वान लेक’ या बॅलेच्या दुसऱ्या अंकात कडेला उभ्या हंसिणींकडे बघ. नायिका नाचत असते आणि त्या एका पायावर भार देऊन, मान कलती ठेवून कितीतरी वेळ निश्चल असतात. पोटरीत गोळा आला तरी हलायचं नाही.