दोन्हीकडच्या आयांसाठी प्रार्थना केली, चुकलं का?

"ताई, मी वसईची. आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साची, म्हणजे उपासनेची, तयारी आळीपाळीने एकेका विभागाकडे येते. ११ मे २०२५ च्या रविवारी आमची पाळी होती. आदल्या संध्याकाळी भारत-पाकिस्तान शस्त्रसंधी जाहीर झाली होती, शिवाय तो मातृदिन होता. म्हणून विश्वासूंच्या प्रार्थनांमध्ये मी एक ओळ घातली : 'सीमेच्या दोन्ही बाजूंना मुलांची वाट पाहणाऱ्या आयांसाठी.' मिस्सा सुटल्यावर आवारातच दोघा-तिघांनी मला गाठलं. 'शत्रूसाठी प्रार्थना? आधीच लोक आपल्या देशभक्तीवर बोट ठेवतात!' तेही मी गिळलं. पण माझ्या मोठ्या जाऊबाईंचा मुलगा फौजेत आहे, जम्मूकडे. त्या म्हणाल्या, 'माझं लेकरू तोफेच्या तोंडी, आणि तू त्यांच्यासाठी मागतेस?' तेव्हापासून बोलणं बंद आहे. नाताळातही येणं-जाणं झालं नाही. मी चुकले का? आपण विजय मागायचा की शांती? आणि खरं सांगू का, रोज जपमाळ करते, पण बातम्या लावल्या की तेच गाझा, तेच युक्रेन. या प्रार्थनेनं काही होतं का? घरात बसलेली माझ्यासारखी बाई शांतीसाठी करणार तरी काय?"

ताई, तुम्ही चुकला नाहीत. आणि तुमच्या जाऊबाईही चुकल्या नाहीत. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, ते सांगते.

तुम्ही ती ओळ वाचलीत त्याच रविवारी रोममध्ये पोप लिओ चौदावे सेंट पीटर्सच्या सज्जात उभे होते. निवड होऊन तीनच दिवस झाले होते. त्यांनी युक्रेनसाठी मागितलं, गाझासाठी मागितलं आणि भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीचं नाव घेऊन स्वागत केलं. वाटाघाटींतून टिकाऊ समझोता निघावा, असं म्हणाले. मातृदिनाच्या शुभेच्छाही दिल्या. तेव्हा तुमची ओळ चर्चच्या शिकवणीबाहेरची होती, असं कोणी म्हणत असेल तर त्याला हे जरूर सांगा.

नावं ठेवली जाण्याचं म्हणाल, तर त्यातही तुम्ही एकट्या नाही. पहिल्या महायुद्धात पोप बेनेडिक्ट पंधरावे कोणाचीच बाजू घेईनात, म्हणून फ्रान्समध्ये त्यांना जर्मनांचा पोप म्हणत आणि जर्मनीत फ्रेंचांचा. १ ऑगस्ट १९१७ ला त्यांनी लढणाऱ्या देशांच्या प्रमुखांना शांतीचा प्रस्ताव पाठवला आणि त्या युद्धाला 'निरर्थक कत्तल' म्हटलं. कोणी ऐकलं नाही. पण त्याच वर्षी त्यांनी मरियामातेच्या स्तुतिमालेत एक हाक घालायला लावली. जपमाळेनंतर तुम्ही 'शांतीच्या राणी, आमच्यासाठी विनंती कर' म्हणता ना, ती हीच. ती ऐन युद्धात आली. दोन्हीकडचे सैनिक खंदकांत मरत होते आणि त्यांतले कितीतरी एकाच मातेला हाक मारणारे कॅथलिक होते.

आता जाऊबाईंचं. त्यांना तुमच्या प्रार्थनेत आपला मुलगा ऐकू आला नाही. 'दोन्ही बाजूंच्या आया' यात त्या येतात हे तुम्हाला ठाऊक होतं, पण रात्ररात्र फोनकडे डोळे लावून बसलेल्या आईला एवढं मोघम पुरत नाही. माझं स्पष्ट मत आहे की शांतीची प्रार्थना मोघम असली की ती पोकळ वाटते, आणि कधी कधी दुखावतेही. आधी आपली माणसं नावानिशी घ्यायची. पहलगामला २२ एप्रिलला २६ जणांना मारलं, त्यात महाराष्ट्राचे सहा होते, एकट्या डोंबिवलीचे तिघे. त्यांच्या घरच्यांसाठी मागितल्याशिवाय पुढे जाऊच नये. मग पूंछ. तिथे कार्मेलाइट फादरांचं क्राइस्ट स्कूल आहे. ७ मेच्या पहाटे पाकिस्तानच्या माऱ्यातला एक गोळा शाळेच्या मागे पडला आणि त्याच शाळेत शिकणारी दोन मुलं आपल्या घरातच मरण पावली, आईबाप जखमी झाले. दुसरा गोळा सिस्टरांच्या मठावर पडला, पाण्याच्या टाक्या फुटल्या. शाळेच्या तळघरातल्या हॉलमध्ये लोकांनी आसरा घेतला. हे सगळं घेऊन मग सीमेपलीकडे जायचं. म्हणजे ऐकणाऱ्याचं मनही आपल्याबरोबर तिथवर चालत येतं.

आणि जायचंच, थांबायचं नाही. कराची आपल्याला परकी नाही. १९४८ पर्यंत ती मुंबईच्या आर्चबिशपांच्याच अखत्यारीत होती. तिथले पुढचे आर्चबिशप, पाकिस्तानचे पहिले कार्डिनल जोसेफ कॉर्डेरो, जन्माने मुंबईचे आणि घराण्याने गोव्याचे. आजही कराचीच्या सेंट पॅट्रिक्समध्ये रविवारी मिस्सा होते आणि तिथल्या एखाद्या बाईनेही त्या रविवारी तुमच्यासारखीच ओळ लिहायची हिंमत केली असेल. 'आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा' हे प्रभूनं सोपं म्हणून सांगितलं नाही. वैरी वैरी नाहीच, असंही तो म्हणाला नाही.

विजय की शांती? पुतण्या सुखरूप परत यावा, त्याच्या हातून निरपराध कोणी मरू नये आणि लढाई लवकर संपावी, हे तिन्ही मागा. यात काही देशाविरुद्ध नाही. देश वाचवायला उभ्या असलेल्या सैनिकाला चर्च पापी मानत नाही. आपलं कर्तव्य सचोटीनं बजावणारा सैनिक शांती राखायला हातभार लावतो, असं कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात स्पष्ट लिहिलं आहे. हे जाऊबाईंना कोणीतरी सांगायला हवं होतं, बहुतेक कोणी सांगितलं नसेल. देशभक्तीवर बोट ठेवणाऱ्यांना उत्तर देत बसू नका. आपल्यातलेच सुनिथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज १९९० ते १९९३ या देशाचे लष्करप्रमुख होते. आपल्याला काही सिद्ध करायचं उरलेलं नाही.

प्रार्थनेनं काही होतं का, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारल्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. गाझात एकच कॅथलिक चर्च आहे, पवित्र कुटुंबाचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटल्यापासून पोप फ्रान्सिस जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे फोन करायचे. बोलणं थोडंच. कसे आहात, आज काय जेवलात? इस्पितळात असतानाही फोन चालू होते, अगदी मरणाच्या दोन दिवस आधीपर्यंत. त्या फोननं युद्ध थांबलं नाही. पुढे १७ जुलै २०२५ ला त्याच चर्चवर मारा होऊन तिघं गेली. पण वेढ्यात अडकलेल्या त्या शेकडो माणसांना रोज कळत होतं की कोणीतरी आपलं नाव घेतंय, आपण जेवलो का हे विचारतंय. प्रार्थनेनं आधी आपण असे होतो, विचारपूस केल्याशिवाय राहवत नाही असे. बाकी देव काय करतो ते मोजायचं माप माझ्याकडे नाही.

आणि कधी कधी युद्ध थांबतंही. रोममध्ये १९६८ साली काही शाळकरी मुलांनी सुरू केलेला सान्तएजिदियो नावाचा प्रापंचिकांचा समूह आहे. एकत्र प्रार्थना करायची आणि गरिबांशी मैत्री ठेवायची, एवढंच त्यांचं काम. मोझांबिकच्या एका बिशपांशी त्यांची ओळख झाली, मदत पाठवता पाठवता दोन्ही गटांशी बोलणं सुरू झालं. सरकार आणि बंडखोर त्यांच्या जुन्या मठात समोरासमोर बसले, दोन वर्षांहून जास्त. ४ ऑक्टोबर १९९२ ला करार झाला. सोळा वर्षांचं युद्ध होतं ते, सुमारे दहा लाख माणसं गेली होती. करार घडवणाऱ्यांतले एक तरुण फादर, मात्तेओ झुप्पी, पुढे कार्डिनल झाले. २०२३ मध्ये त्यांनाच कीव्ह आणि मॉस्कोला पाठवलं गेलं, रशियात नेलेली युक्रेनची मुलं घरी परतावीत म्हणून.

तुम्हाला मॉस्कोला जायचं नाही, जाऊबाईंच्या घरी जायचं आहे. या आठवड्यातच जा. दोन्ही बाजूंच्या आयांचा विषय काढू नका, आपण बरोबर होतो हे पटवायला तर अजिबात जाऊ नका. पुतण्याची चौकशी करा. कुठे आहे, सुट्टी कधी, जेवणाचे हाल होत नाहीत ना. मग सांगा की त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करायची आहे, तुम्ही याल का? फादरांना विचारा. मिस्साग्रंथात युद्धाच्या आणि अशांततेच्या काळासाठी वेगळ्या प्रार्थना आहेत, योग्य दिवस पाहून त्या घेता येतात. शुक्रवारी एका वेळचा उपवास करत असाल तर वाचलेले पैसे कारितास या चर्चच्या मदतसंस्थेला द्या, युद्धग्रस्त देशांतही त्यांचं काम चालतं. आणि घरच्या, विभागाच्या ग्रुपवर जे जाळणारे-मारणारे व्हिडिओ येतात ते पुढे ढकलू नका. ढकलणाऱ्याला सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन सांगा.

प्रार्थना लिहिणं सोडू नका. पुढच्या पाळीला मसुदा आधी फादरांना दाखवा आणि त्याआधी जाऊबाईंना. त्यांच्या मुलासाठीची ओळ त्यांनाच लिहू द्या, जमलं तर वाचूही द्या. त्या काय म्हणाल्या ते मला नक्की कळवा.