पाणी सुटण्याआधी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पुण्यात नोकरीला लागून 4 वर्षं झाली, पगार बरा आहे, घरी पैसे जातात, फ्लॅट बघणं चालू आहे, आणि तरी रात्री दिवा मालवला की 'हे सगळं कशासाठी' असं वाटतं, असं लिहिलंस. सोबत ऑफिसच्या शिबिरात करून घेतलेली यादीही पाठवलीस: कुटुंब, स्वातंत्र्य, आरोग्य, प्रामाणिकपणा, शिकत राहणं, समाजासाठी काही करणं. यादीत वाईट काहीच नाही. पण ती माझीही होऊ शकते, शेजारच्या गल्लीतल्या कोणाचीही. तिच्यात तू मला दिसली नाहीस.

माझी 32 वर्षं पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली बरीचशी कालवा निरीक्षक म्हणून. त्यामुळे मला जे कळलं ते पाण्याच्या वाटपातून कळलं, आणि तुलाही तसंच सांगतो.

आपल्या धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठची फड पद्धत तुझ्या आजोबांच्या तोंडून ऐकली असशील. नदीवर एकापाठोपाठ एक बंधारे, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. नदीला पाणी किती हे बघून शेतकरी एकत्र बसायचे आणि ठरवायचे, यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू, आणि हा फड पडीक. एकदा ठरलं की पाणी ज्याने त्याने आपल्या मर्जीने वळवायचं नाही. पाट सांभाळायला पाटकरी, शेतात पाणी भरायला बारेकरी, राखणीला जागल्या, आणि सगळ्यांवर हवालदार. शेकडो वर्षं हे चाललं. पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि बऱ्याच ठिकाणचे फड मोडले.

त्यात मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पडीक फडाची. पाणी सुटण्याआधी, सगळ्यांसमोर, बोलून ठरवायचं की यंदा हा तुकडा कोरडा राहील. त्यात ज्याची जमीन आहे त्याला वाईट वाटणारच. पण पेरलेलं पीक निम्म्यात वाळताना बघण्यापेक्षा ते बरं. तू सहाच्या सहा फड भिजवायला निघालीस. रोज रात्री उशिरापर्यंत काम, पहाटे व्यायाम, शनिवारी कोर्स, रविवारी घरच्यांशी फोन आणि मनात समाजासाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत न गेल्याची टोचणी. सगळीकडे थोडं थोडं पाणी गेलं आणि सगळंच पिवळं पडलं. तुझ्या पत्रातला थकवा मला त्याचाच वाटतो.

माझं सांगतो. निवृत्त झाल्यावर जुन्या डायऱ्या काढल्या. रोजचा मुक्काम कुठे ते त्यात लिहिलेलं. नोकरीत असताना मला कोणी विचारलं असतं, तर छातीवर हात ठेवून म्हणालो असतो की माझ्यासाठी घर सगळ्यात आधी. एका रब्बीतली आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या, मोजली. त्या सगळ्या काळात घरी झोपलो 11 रात्री. त्याच रब्बीत माय आजारी होती. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचलं पाहिजे, वरच्यांनी मधेच पाट फोडायचा नाही, यासाठी मी रात्ररात्र कालव्यावर उभा राहिलो. ते माझं खरं मूल्य होतं. ते कोणी मला शिबिरात लिहायला सांगितलं नव्हतं, तरी ते होतं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. लाज याची वाटते की मायला मी हे कधी सांगितलं नाही. 'येतो, येतो' म्हणत राहिलो. तिचा फड मी कोरडा ठेवला आणि ओला आहे असं भासवलं. मधे एकदा घरी गेलो तेव्हा जेवण झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "पोट भरनं का, भाऊ?" ती पुढची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, बघू शकली नाही.

म्हणून तुला यादी करायला सांगणार नाही. एक साधी वही घे आणि महिनाभर रोज झोपण्याआधी चार ओळी लिही. आज तास कुठे गेले. पैसे कुठे गेले. फोनपे उघडलं की ते दिसतंच. कशाचा राग आला. कुठे वेळ कसा गेला ते कळलं नाही. रागाची ओळ चुकवू नकोस. तू सहज लिहून गेलीस की मीटिंगमध्ये नव्या मुलाच्या इंग्रजीला सगळे हसले आणि तुला रात्रभर झोप लागली नाही. ती गोष्ट तुझ्या यादीत कुठेच नाही. माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. कोणाला कमी लेखलं गेलं की तुझ्या आत काहीतरी पेटतं. तू बारावीनंतर पहिल्यांदा पुण्याला गेलीस तेव्हाची आठवण त्यात असेल. तिथे खण.

महिना झाला की दोन, फार तर तीन गोष्टी उरतील. मग त्यांचे नियम कर. बारीपाड्याचं बघ, आपल्या साक्री तालुक्यातलं. भोवतालचं जंगल तुटून गेलं होतं, पाण्याचे हाल होते. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने त्या लहानशा पाड्याने 400 हेक्टरांहून जास्त जंगल राखलं, पाणी परत आलं. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपल्याकडे सगळ्यांनी मिठाई वाटावी इतका आनंद मला झाला. पण मला त्यात शिकण्यासारखा वाटतो तो दंड. झाड तोडलं की दंड, असं गावानेच गावासाठी ठरवलं. 'जंगल आपलं आहे' हे वाक्य त्याआधीही लोक म्हणतच असतील. तुझंही तसंच. 'आरोग्य महत्त्वाचं' असं लिहून काही होत नाही. 'रात्री 9 नंतर लॅपटॉप उघडणार नाही, उघडला तर दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला सांगेन' असं लिहिलंस तर काहीतरी उभं राहील. 'नव्या माणसाला मीटिंगआधी अर्धा तास देईन' हा तुझ्यासाठी कुठल्याही संस्थेच्या कामापेक्षा मोठा नियम ठरू शकतो.

नोकरी सोडून गावी यावं का, हे विचारलंस. मी नको म्हणेन. कोरडवाहू कापसावर वर्ष काढणं काय असतं ते तुझ्या वडिलांना विचार. शिवाय त्यांचं गावच्या सोसायटीचं कर्ज तू फेडतेस, त्याकडे तू ओझं म्हणून बघतेस. तोही तू भिजवलेला फड आहे. त्याला नाव दे, शेवटचा हप्ता कधी ते लिहून ठेव, म्हणजे ते पाणी पुढे कुठे वळवायचं हे आत्ताच ठरवता येईल.

लग्नाचा विषय वेगळ्या पत्रात. तो घाईत उरकण्यासारखा नाही.

जे कोरडं ठेवशील ते मात्र त्या त्या माणसाला स्वतः सांग. फ्लॅट दोन वर्षं लांबवणार असशील तर बाबांना फोनवर नको, समोर बसून सांग. ते चिडतील. थोडा वेळ ओट्यावर जाऊन बसतील. मग जेवायला येतील.

आखाजीला ये. आपल्याकडे त्या दिवशी सालदाराचं, म्हणजे वर्षभरासाठी शेतावर ठेवलेल्या गड्याचं, साल ठरतं. पैसे किती, धान्य किती, सगळं समोरासमोर बोललं जातं, आणि पटलं नाही तर तो दुसरं घर बघायला मोकळा. 4 वर्षांत तू तुझ्या नोकरीशी असं एकदाही बसली नाहीस. पोरी झोके बांधतील, तुझी काकू मांडे करणार आहे, आमरस असेल. दुपारी ऊन उतरलं की आपण दोघं मागच्या निंबाखाली बसू. वही आण. मी माझी त्या रब्बीची डायरी काढून ठेवतो.

तुझा,
नाना