घरी भाजलेली मिसरी ‘शुद्ध’ असते का?

प्रश्न : सासूबाई तव्यावर तंबाखू भाजून मिसरी करतात. विकतच्या गुटख्यातलं केमिकल यात नसतं, असं म्हणतात. सासरे चुना मळून खातात. खरंच धोका कमी का? – एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : नाही. केमिकल वरून टाकावं लागत नाही, ते पानातच तयार होतं. तंबाखू वाळवताना, मुरवताना आणि साठवताना जिवाणू पानातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. त्याचा निकोटिन वर्गातल्या द्रव्यांशी संयोग होऊन नायट्रोसामाइन बनतात. त्यातले एनएनएन आणि एनएनके हे दोन जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात आहेत. ओलसर डब्यात ठेवलेल्या तंबाखूत ते वाढत जातात.

भाजल्याने हे विष जळून जातं, ही समजूत तर उलटीच. पान काळं पडेपर्यंत करपतं तेव्हा बेंझोपायरीनसारखी, धुरात सापडणारी द्रव्यं त्यात भर घालतात. शिवाय सासूबाई ती हिरड्यांवर चोळून तोंडात ठेवत असतील, म्हणजे संपर्कही लांबतो.

चुन्याने लाळ अल्कधर्मी होते, निकोटिन गालातून झटकन रक्तात जातं आणि तलफ पक्की होते. गाल सोलतो तो वेगळाच. गुटख्यातली सुपारी तर तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे.

दोघांनाही उजेडात तोंड उघडायला सांगा. उभी तीन बोटं दातांमधून जात नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दंतवैद्याकडे न्या. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. सोडण्यासाठी मोफत सल्ला : १८००-११-२३५६.