ग्लोव्ह्ज टाकण्याआधी

प्रिय बाळा,

तुझ्या आईचा फोन आला होता. नव्या मोसमात तुला आइस हॉकीच्या संघात चौथ्या लाइनवर, म्हणजे सर्वांत कमी वेळ खेळणाऱ्या फळीत, घेणार आहेत आणि उन्हाळ्यात बॉक्सिंगचा क्लास लावायला सांगितलंय, हे तिच्याकडून कळलं. पत्र मुद्दाम मराठीत लिहितोय, म्हणजे आई-बाबांनाही ते नीट वाचता येईल. पोरगा संघात निवडला गेला, एवढ्यावरच ते दोघं खूश आहेत. निवड कोणत्या कामासाठी झालीय, हे तुला आणि मला कळतंय.

आधी एक सांगतो. एन्फोर्सरच्या, म्हणजे संघासाठी मारामारी करणाऱ्या खेळाडूच्या, कामाला मी हलकं समजत नाही. कॅनडात, ऑन्टारिओत ज्युनियर संघांचा फिजिओ म्हणून मी इतकी वर्षं ड्रेसिंग रूममध्ये काढली. तिथं नव्या पोराची विचारपूस करणारा, बसमध्ये आपली जागा दुसऱ्याला देणारा खेळाडू बहुतेक वेळा हाच असायचा. आपल्या गड्याला कुणी मागून धडक दिली तर पुढे जायचं, ही भावना खरी असते. म्हणूनच पोरं या कामाला इतक्या सहज हो म्हणतात.

पण या कामाचा इतिहास नीट बघ. जॉन फर्ग्युसन 1963 मध्ये मॉन्ट्रियल कनेडियन्सकडून पहिला सामना खेळला, तेव्हा बाराव्या सेकंदाला त्याची टेड ग्रीनशी जुंपली. ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात. त्याच सामन्यात त्यानं दोन गोलही केले, ते मात्र कुणी सांगत नाही. आठ मोसमांत त्यानं पाच स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएल या इथल्या सर्वांत मोठ्या लीगची विजेतेपदं, जिंकली. डेट्रॉइटच्या बॉब प्रोबर्टनं 1987-88 च्या मोसमात 398 पेनल्टी मिनिटं (शिक्षा म्हणून बाहेर बसायची मिनिटं) घेतली आणि 29 गोलही मारले. 1988 मध्ये वेन ग्रेट्झ्की हा खेळातला सर्वांत मोठा तारा लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा आपल्याबरोबर आपली पाठराखण करणारा मार्टी मॅक्सॉर्लीही हवा म्हणून अडून बसला. ही माणसं लढायची, पण ती हॉकीपटूही होती. पुढं काम आक्रसत गेलं. रात्रीत चार-पाच मिनिटं बर्फावर उतरायचं आणि एवढ्यात एक मारामारी करायची, अशी माणसं संघ ठेवू लागले.

डेरेक बूगार्डचं आयुष्य तुला माहीत असायलाच हवं. सस्कॅचेवानचा, पोलिसाचा मुलगा, सहा फूट सात इंच. पोरवयातच एका सामन्यात चिडून तो थेट प्रतिस्पर्ध्यांच्या बेंचमध्ये घुसला आणि खेळाडू हेरायला आलेल्या स्काउट्सनी त्याचं नाव टिपून घेतलं. त्याचं स्केटिंग किंवा त्याचा पास बघून नव्हे. तिथून पुढं त्याला ज्यानं-ज्यानं घेतलं, त्या प्रत्येकानं याच एका गोष्टीसाठी घेतलं. मिनेसोटा वाइल्ड आणि न्यूयॉर्क रेंजर्स मिळून एनएचएलचे 277 सामने, त्यात तीन गोल. 2006 मध्ये त्याच्या एका ठोशानं टॉड फेडोरुकच्या गालाचं हाड असं चुरलं, की धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. पुढं हाच फेडोरुक मिनेसोटात त्याचा सहकारी झाला आणि दोघांची चांगली मैत्री जमली. या कामात कुणाला कुणाचा द्वेष नसतो, बाळा. तरीही हाडं मोडतातच.

2010 मध्ये रेंजर्सनी त्याच्याशी चार वर्षांचा 65 लाख डॉलर्सचा करार केला. डिसेंबरमध्ये ऑटावात मॅट कार्कनरशी झालेली मारामारी शेवटची ठरली. त्यानंतर तो खेळलाच नाही. वेदनाशामक गोळ्यांची सवय आधीपासून होती. 13 मे 2011 ला, गोळ्या आणि दारू एकत्र घेतल्यानं तो गेला. वय 28. बॉस्टन विद्यापीठात त्याचा मेंदू तपासला, तेव्हा त्यात सीटीई सापडला. डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसून मेंदू हळूहळू झिजवणारा हा आजार आहे. 45 व्या वर्षी गेलेल्या प्रोबर्टच्या मेंदूतही तो होता. बूगार्डपाठोपाठ त्याच ऑगस्टमध्ये रिक रिपियन आणि वेड बेलाक गेले. एक 27 चा, दुसरा 35 चा, आणि दोघंही हेच काम करणारे. त्या उन्हाळ्यात आमच्यापैकी कुणालाच नीट झोप नव्हती.

2023 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 1967 पासूनचे सहा हजारांवर एनएचएल खेळाडू त्यात तपासले होते. लढणारे संख्येनं जास्त मेले असं त्यात दिसलं नाही. पण जे मेले ते त्यांच्यासारख्याच इतर खेळाडूंपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी मेले, आणि त्यांत अमली पदार्थांनी आणि आत्महत्येनं गेलेले जास्त होते.

का, ते मी माझ्या टेबलावर पडलेल्या पोरांकडून ऐकलंय. मारामारी फार तर मिनिटभर चालते, तिची वाट बघणं मात्र दोन-दोन दिवस. वेळापत्रक बघितलं की शुक्रवारी समोर कोण आहे ते कळतं, आणि बुधवारपासून जेवण जात नाही. तू सतराचा आहेस, ही भीती तू कुणाला सांगणार? गोलरक्षक घाबरला तर सगळे समजून घेतात. तुझ्या भीतीला मात्र ड्रेसिंग रूममध्ये जागा नसते, कारण तू घाबरत नाहीस यावरच तुझी जागा टिकून असते.

हाताचंही ऐक. एका हातानं जर्सी धरायची, दुसऱ्यानं ठोसे मारायचे. पण समोरच्यानं हेल्मेट घातलेलं असतं. पंज्याची हाडं मोडतात, जुळतात, पुन्हा तिथंच मोडतात. अशा हातानं काठी नीट धरता येत नाही, म्हणजे ज्या खेळासाठी हे सगळं सोसायचं, तोच हातातून जातो. आणि खाली बर्फ आहे. इथंच ऑन्टारिओत डॉन सँडरसनचं हेल्मेट मारामारीत निघालं, डोकं बर्फावर आदळलं आणि जानेवारी 2009 मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो गेला.

हे सगळं सोसून पुढं नोकरी तरी आहे का? 2008-09 मध्ये एनएचएलमध्ये सातशेवर मारामाऱ्या झाल्या होत्या. दहा वर्षांत त्या सव्वादोनशेच्या आसपास आल्या. खेळ वेगवान झाला. जो बर्फावरच्या आपल्या पाळीभर पळू शकत नाही, त्याच्यासाठी बेंचवरची जागा अडवणं संघांना परवडेना. क्वेबेकच्या ज्युनियर लीगमध्ये 2023 पासून मारामारी केली की सामन्याबाहेर. म्हणजे तुला जे शिकवायला निघालेत, त्याची मागणी वरच्या पायरीवर दरवर्षी घटतेय. ज्यांनी तुला बॉक्सिंग सांगितलं, त्यांना या मोसमाचे सामने जिंकायचेत. तू तीस वर्षांचा होशील तेव्हा तुझं काय, ही चिंता तुला, आई-बाबांना आणि मला करायची आहे.

टॉम विल्सनकडे बघ. तुझ्याएवढाच, सहा फूट चार. वॉशिंग्टनमध्ये आला तेव्हा चौथ्या लाइनवर, सात-आठ मिनिटं, धडका आणि मारामाऱ्या. त्यावरच तो थांबला असता तर आज त्याचं नाव कुणाला आठवलं नसतं. 2018 मध्ये संघानं कप जिंकला तेव्हा तो ओवेचकिन या संघाच्या मुख्य गोलवीराच्या लाइनवर होता आणि 2024-25 मध्ये त्यानं 33 गोल केले. अजूनही तो अंगावर जातो, प्रसंगी लढतोही. पण ते त्याच्या खेळातलं एक अंग आहे.

तेव्हा बॉक्सिंगच्या क्लासचे पैसे पॉवर स्केटिंगला, म्हणजे स्केटिंगचा वेग आणि ताकद वाढवणाऱ्या सरावाला, घाल. प्रशिक्षकांना भेट, बाबांना बरोबर ने आणि सरळ विचार: मला पेनल्टी किलिंगला, म्हणजे आपला गडी शिक्षेमुळे बाहेर असताना बचावाला, उतरवणार का? नेटसमोर उभं करणार का? रात्री किती मिनिटं देणार? उत्तरात तुझ्या उंचीखेरीज काहीच आलं नाही, तर दुसरा संघ बघायला मी स्वतः मदत करेन. शाळेचे गुण घसरू देऊ नकोस. ऑगस्ट 2025 पासून मेजर ज्युनियर, म्हणजे कॅनडातल्या सर्वांत वरच्या ज्युनियर लीगमध्ये, खेळलेल्यांनाही अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संघांचं दार उघडलंय. आमच्या काळातल्या पोरांना हे मिळालं नव्हतं.

कधीतरी मारामारीसाठी ग्लोव्ह्ज टाकायची वेळ येईल, त्याबद्दल मी तुला कधीच रागावणार नाही. पण त्यानंतर डोकं दुखलं, उजेड सहन झाला नाही, झोप बिघडली, तर त्याच रात्री मला फोन कर, वाजलेत किती ते बघू नकोस. आणि गोळी कुणीही दिली, अगदी संघातल्या माणसानं दिली, तरी आधी तिचं नाव मला कळव.

बाबांना म्हणावं, प्रशिक्षकांची वेळ याच आठवड्यात घ्या. मोसम सुरू व्हायच्या आत हे बोलणं झालं पाहिजे.

तुझा,
काका