मॅडम, एरिया चुकला का आमचा?

हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतोच. नौपाड्यात माझं छोटंसं समुपदेशनाचं क्लिनिक आहे, आणि जून ते दिवाळी या काळात बदली होऊन, नोकरी बदलून ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत आलेली कुटुंबं हमखास येतात. बहुतेकांना वाटतं की मॅडम इथल्याच आहेत, कुठे राहावं ते सांगतील, आणि खरं सांगू का, ब्रोकरेज न घेता मी ते काम केलंही असतं पण त्यातून काही सुटत नाही. म्हणून एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि नावं देत नाही, आपण त्यांना कोल्हापूरकर म्हणू.

कोल्हापूरकर म्हणजे नवरा-बायको, सातवीतली मुलगी आणि आजी. नवऱ्याला ऐरोलीला आयटी पार्कमध्ये नोकरी लागली, कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं स्वतःचं घर कुलूप लावून सगळे जूनमध्ये इकडे आले आणि घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे एका टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर भाड्याने राहायला लागले. माझ्याकडे आले दिवाळी झाल्यावर, कारण मुलीचं पोट दुखायचं. सोमवारी सकाळी दुखायचं, शनिवारी दुपारी बंद व्हायचं. डॉक्टरांनी सोनोग्राफीपर्यंत सगळं केलं, काही निघालं नाही, मग माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या सेशनला नवरा एक्सेल शीट घेऊन आला. खरंच. चौदा कॉलम. भाडं, डिपॉझिट, शाळेचं अंतर, हॉस्पिटल, मॉल, जिम, स्विमिंग पूल, पार्किंग, पॉवर बॅकअप, अजून काय काय. ठाण्यातले चार आणि नवी मुंबईतले पाच एरिया, प्रत्येकाला मार्क. घोडबंदरचा टॉवर पहिला आला होता म्हणून तो घेतला. आता त्याचा प्रश्न असा की मॅडम, आमची निवड चुकली का, परत शिफ्ट व्हायचं का, व्हायचं तर खारघर की ऐरोली की इथे नौपाड्यातच, कारण बायको म्हणते इथे राहायचं नाही आणि पोरगी काही बोलतच नाही.

माझी चूक आधीच सांगून टाकते. मी पहिली दोन सेशन शाळेतच अडकून होते. सोमवारचं पोटदुखणं म्हणजे शाळा, अभ्यास नाहीतर कोणी त्रास देतंय, असं माझं ठरलेलं गणित. पोरगी मान हलवायची, 'काही नाही, ठीक आहे,' एवढंच. वर्गशिक्षिकेशी फोनवर बोलले तर त्या म्हणाल्या, शांत मुलगी आहे, मार्क बरे आहेत. मी पण 'नवीन जागा आहे, रुळेल हळूहळू' या मोडमध्ये जायला लागले होते.

तिसऱ्या सेशनला नवरा परत पूल-जिमचं सांगत होता आणि बायको एकदम भडकली. 'कुठली जिम वो, सकाळी हिला बस स्टॉपला सोडायचं, आईंना देवळात न्यायचं, परत हिला क्लासला, परत भाजी, सगळं गाडी काढून, मी ह्या घराची उबर झालोय नुसती!'

आणि तेवढ्यात पोरगी, जी दोन सेशन गप्प होती, ती दातओठ खाऊन हळूच म्हणाली, 'आई. झालेय म्हण.'

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका आणि मुली बोलताना मी आलो, मी जेवलो, मी जातो असंच म्हणतात. तिकडे त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. इकडे पोरीने पहिल्याच आठवड्यात बसमध्ये 'मी उद्या येतो' म्हटलं, आणि त्या दिवसापासून तिचं नाव पडलं दादा. ए दादा, तुझी बॅग दे. ए दादा, तू मुलांच्या रांगेत जा. मारझोड नाही, शिव्या नाहीत, टीचरना सांगावं असं काही नाही, म्हणून तिने कोणालाच सांगितलं नाही, फक्त बोलणं बंद केलं. आईने मात्र शब्द बदलून घेतले होते, माझ्यासमोर दोन सेशन अगदी जपून 'मी गेले, मी केलं' चाललं होतं, आणि मला ते ऐकूही आलं नव्हतं.

तर मग हा शाळेचाच प्रश्न झाला ना, एरियाचा कुठे? मला पण तसंच वाटलं. पण मग मी त्यांना एक कागदाचा खेळ करायला दिला. आमच्या कामात इकोमॅप म्हणून एक साधन आहे, अॅन हार्टमन नावाच्या अमेरिकन समाजकार्याच्या प्राध्यापिकेने १९७५ च्या सुमारास तयार केलेलं, मधे कुटुंबाचं वर्तुळ काढायचं, भोवती माणसं, संस्था, आणि रेघांनी दाखवायचं कोणाशी नातं घट्ट, कोणाशी ताणाचं. मी त्याला जरा घरगुती वळण दिलंय. मधे घर काढायचं आणि भोवती फक्त त्याच जागा काढायच्या जिथे तुम्ही एकटे, कोणी न सोडता, पायी जाता. प्रत्येकाचा कागद वेगळा. एक कोल्हापूरचा, एक इथला.

आजींना लिहिता येतं पण चित्र काढायला लाजल्या, म्हणून त्यांनी सांगितलं आणि नातीने काढलं. कोल्हापूरचा कागद भरून गेला, अंबाबाईचं देऊळ, मंडई, पिठाची गिरण, तालमीजवळचा कट्टा, दोन मैत्रिणी, एक भांडण झालेली मैत्रीण (तिच्या दारावरून पण रोज जायच्या), दवाखाना, रेशनचं दुकान. इथल्या कागदावर एकच गोष्ट होती. लिफ्ट. पोरीने लिफ्टचा चौकोन काढला आणि विचारलं, आजी अजून? आजी म्हणाल्या, गार्डन लिही, पण तिथं सगळ्या बायका हिंदीत बोलतात गं, मला काय कळतंय. सोसायटीच्या गेटबाहेर पडलं की घोडबंदर रोड, कंटेनरची रांग, मेट्रोच्या कामाचे पत्रे, तो रस्ता ओलांडायला मलाच भीती वाटते, त्यांचं काय सांगू.

मग पोरीचा कागद. कोल्हापूरला सायकल, शाळा, काकांचं घर, खाऊचं दुकान, रंकाळा (हे आईने खोडायला लावलं, एकटी जायची नाहीस तू तिथे, ती म्हणाली जायचो). इथे काही नाही. सोसायटीतला पूलसुद्धा नाही, कारण तिथे बसमधल्याच दोन मुली येतात.

हे कळल्यावर मला पोटदुखी जास्त समजली. चिडवणं सगळीकडे होतं, मंगळवार पेठेतही झालं असतं. पण तिथे शाळेत कोणी दादा म्हटलं असतं तर संध्याकाळी सायकल काढून ती दुसऱ्या चार पोरांत गेली असती जी तिच्यासारखंच बोलतात. इथे तीच मुलं बसमध्ये, तीच वर्गात, तीच लिफ्टमध्ये. सुटायला दुसरी जागाच नाही.

१९६७ मध्ये होम्स आणि राहे या दोघांनी आयुष्यातल्या ४३ बदलांची यादी केली होती, प्रत्येकाला ताणाचे गुण, जोडीदार जाणं म्हणजे १००. त्यात राहतं घर बदलणं याला फक्त २०. नवऱ्याला मी हे सांगितलं तर तो खूश, म्हणजे एवढं काही नाही ना! पण त्याच यादीत शाळा बदलणं वेगळे २०, लोकांत मिसळणं बदललं त्याचे वेगळे १८, कामाचं स्वरूप बदललं त्याचे ३६. यादी जुनी आहे, अमेरिकेतली आहे, तिला फार चिकटून बसू नये, पण शिफ्टिंग म्हणजे टेम्पोत सामान भरलं आणि उतरवलं एवढंच नसतं हे दाखवायला मला ती बरी पडते. बायकोच्या खात्यात तर अजून एक भर होती, कोल्हापुरात ती घरी दहावीच्या शिकवण्या घ्यायची, ते बंद झालं, आणि ते एक्सेलच्या चौदा कॉलमांत कुठेच नव्हतं.

लगेच शिफ्ट व्हा असं मी सांगितलं नाही. वर्षाच्या मधे शाळा बदलून काय होणार, पोरीला वाटलं असतं पळून गेलो, आणि नवीन वर्गात पहिल्या दिवशी तीच भीती. शिवाय अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट मेमध्ये संपणारच होतं. तोपर्यंत तीन गोष्टी ठरल्या. एक, वर्गशिक्षिकेला आईने स्वतः जाऊन सगळं सांगायचं (त्यांनी बसमधली जागा बदलली आणि मराठीच्या तासाला बोलीभाषांवर एक छान तास घेतला, पोरीकडे बोट न दाखवता, मला त्या बाईंचं फार कौतुक वाटलं). दोन, घरी कोणी कोणाचं 'झालोय' दुरुस्त करायचं नाही. तीन, शनिवारी सगळ्यांनी मिळून एरिया बघायचे, पण ब्रोकरबरोबर नाही, आणि गाडीतून नाही.

हे तिसरं मी सगळ्यांनाच सांगते. रविवारी दुपारी गाडीतून बघितलेला कुठलाही एरिया चांगलाच दिसतो. संध्याकाळी सातला जा, रिक्षा मिळते का बघा. फूटपाथवरून आजींना चालवून बघा. वॉचमनला विचारा टँकर आठवड्यातून किती येतात, सेक्रेटरी सांगणार नाही, वॉचमन सांगतो. जुलैमध्ये एकदा जा. आणि नवीन शहरात पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नका हो, प्लीज, ईएमआय सुरू झाला की माणूस चुकलेल्या जागेलासुद्धा बरोबरच म्हणत राहतो.

नवऱ्याचं मन ऐरोलीवर होतं, ऑफिस जवळ, माजिवडा-कळवा-विटाव्याचं ट्रॅफिक सुटणार, पावसात विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलं की त्याची रोजची बोंब. बायकोला तिथली भाडी जास्त वाटली. खारघर मोकळं ढाकळं आहे, टेकडी वगैरे, पण ऑफिसपासून लांब. नौपाड्यात बजेटमध्ये बसणारी बिल्डिंग मिळाली ती तिसरा मजला, लिफ्ट नाही. मग एका शनिवारी घणसोलीत फिरताना आजी भाजीवालीशी बोलायला लागल्या आणि तिथेच अर्धा तास थांबल्या. वाशी मार्केटमधल्या माथाडी कामगारांची कितीतरी कुटुंबं त्या पट्ट्यात राहतात, घणसोली, कोपरखैरणे, पाटण-जावळी-सांगलीकडची माणसं. भाजीवाली कराडजवळची निघाली. आजींनी तिथल्या तिथे जाहीर केलं, इथं घ्या.

तरी सगळं गोड नाही हं. फ्लॅट लहान, वन बीएचके म्हणावा तर थोडा मोठा. एमआयडीसीकडून कधीकधी रात्री वास येतो. आधी स्वस्तात मिळणारी एक बिल्डिंग गावठाणातली होती, ओसी (म्हणजे राहायला परवानगीचा दाखला) नव्हती, ती मी सोडायला लावली. पूल गेला, त्याचं नवऱ्याला अजून वाईट वाटतं, त्याने तो वर्षभरात तीन वेळा वापरला होता. पण स्टेशन पायी, शाळा पायी, भाजी पायी, आणि बायकोकडे दोन मुली गणिताला यायला लागल्यात.

पोरीचं पोट एप्रिलपासूनच कमी दुखत होतं, शिफ्ट व्हायच्या आधीच, त्यामुळे हे घणसोलीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. नवीन शाळेत 'तू कुठली गं' असं विचारलं तर तिने कोल्हापूर सांगितलं, एक मुलगी म्हणाली माझी आजी इस्लामपूरची, झालं.

जूनमध्ये शेवटचं सेशन होतं. मी एक तास राखून ठेवला होता, सगळं नीट आवरायचं म्हणून, आणि तो अख्खा तास फ्रीजवर गेला. फ्रीज किचनमध्ये मावत नाही, नवरा म्हणतो हॉलमध्ये, बायको म्हणते हॉलमध्ये फ्रीज म्हणजे लोक काय म्हणतील, आजी म्हणतात बाल्कनीत ठेवा, आणि पोरगी म्हणाली बाल्कनीत मी अभ्यासाला बसतो, तिथं नाही ठेवायचा.

कोणी दुरुस्त केलं नाही. फ्रीजचं अजून ठरलेलं नाही.