भाड्यासाठी फ्लॅट घेताना सोसायटीचे काय तपासावे?

प्रश्न : जुळे सोलापुरात बारा वर्षे जुन्या, 24 फ्लॅटच्या लिफ्टवाल्या इमारतीत भाड्याने देण्यासाठी टू बीएचके घेतोय. मेंटेनन्स महिना फक्त 700 रुपये. वकिलांनी फ्लॅटचे कागद पाहिलेत. सोसायटीचे काय पाहावे? – एक वाचक

उत्तर : 700 रुपये ऐकून हुरळून जाऊ नका, शंका तिथेच घ्या. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर (जमीन सोडून) वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव ठेव) आणि पाऊण टक्का दुरुस्ती फंड जमा व्हायला हवा. खर्च 12 लाख धरला तर 3,000 आणि 9,000, म्हणजे महिन्याला हजार रुपये नुसत्या फंडांचे. मग 700 मध्ये वॉचमन, लिफ्ट आणि पाणी कसे बसवतात? बहुधा फंड कापलेच जात नाहीत, आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग निघाले की प्रत्येकाकडून एकरकमी वर्गणी मागतात. तोवर मालक तुम्ही झालेले असाल.

म्हणून गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि ताळेबंद पाहा. वरच्या हिशेबाने 24 फ्लॅटचा सिंकिंग फंड बारा वर्षांत व्याज सोडून 8,64,000 व्हायला हवा. तेवढ्या मुदत ठेवीच्या पावत्या आहेत का? सभासदांकडील येणे दरवर्षी वाढत असेल तर वसुली ढिली आहे. सर्वसाधारण सभेचे इतिवृत्तही (सभेत काय झाले त्याची नोंद) चाळा. गळती, भांडणे, कोर्टकज्जे तिथे सापडतात. तुम्ही अजून सभासद नाही, तेव्हा तुम्हाला दप्तर दाखवायला सोसायटी बांधील नाही. विक्रेत्याला मागता येते, त्याच्याकडून घ्या, बयाणा त्यानंतर.

इमारतीच्या पाटीवर सोसायटी लिहिले तरी नोंदणी काय आहे ते विचारा. सहकारी सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट हवे, आणि कन्व्हेयन्स (जमीन व इमारत सोसायटीच्या नावावर होणे) झाले का ते सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर पाहा. तिथे अजून बिल्डर किंवा मूळ जमीनमालकाचेच नाव असेल तर पुनर्विकासाच्या वेळी अडाल. 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचे अपार्टमेंट असेल तर शेअर सर्टिफिकेट नसतेच. घोषणापत्रातला (डीड ऑफ डिक्लरेशन) तुमचा अविभक्त हिस्सा, म्हणजे जमीन व सामाईक जागांतला वाटा पाहा, खर्च त्या प्रमाणात पडतो.

पाण्याचे वेगळेच. सोलापुरात काही दिवसांआड नळ येतो, त्यामुळे जमिनीखालची टाकी किती लिटरची, उन्हाळ्यात बोअर टिकते का आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची किती बिले झाली हे हिशेबाच्या वहीतून काढा. भाडेकरू टिकायचा तो यावरच.

भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी बिगर-भोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याचे शुल्क) लावते, पण ते सेवाशुल्काच्या (बिलातला वॉचमन, कार्यालय अशा सेवांचा भाग) 10 टक्क्यांवर नेता येत नाही. सेवाशुल्क 500 असेल तर 50 रुपये. एकूण बिलावर 10 टक्के लावलेले दिसले तर हरकत घ्या. भाडे काढताना हे वजा करा. विक्रेत्याचे थकबाकी नसल्याचे पत्रही खरेदीखताआधी घ्या. थकबाकीवर वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लागू शकते.

प्रश्न : नावावर करायला सोसायटी 50,000 रुपये डोनेशन मागते. द्यावे का?

उत्तर : नाही. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य (फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) जास्तीत जास्त 25,000. वर 500 हस्तांतरण शुल्क आणि 100 प्रवेश शुल्क, बस. डोनेशनची सक्ती करता येत नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, पैसे चेकनेच द्या. तरी अडवले तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात तक्रार करा.