पाण्याच्या डबीने मायलेज वाढतं का?

प्रश्न: राहायला कासारवडवली, ऑफिस महापेला. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये माझी जुनी पेट्रोल गाडी लिटरला ११ च्या वर जातच नाही. भाऊजींनी तुर्भ्याच्या एका मेकॅनिककडून एचएचओ किट (विजेने पाण्यापासून हायड्रोजन-ऑक्सिजन बनवणारं) बसवलंय, बॉनेटखाली पाण्याची डबी आणि नळी थेट एअर फिल्टरच्या पाइपात, म्हणतात ११ चे १५ झाले. मेकॅनिक म्हणतो अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून गाडीची वीज बनवणारा, तसाही फिरतोच, वीज फुकटच आहे. बसवू का?

उत्तर: नका बसवू. ती वीज फुकट नसते, सगळी गोम तिथेच आहे. लहानपणी सायकलला डायनामो होता ना? टायरला टेकवला की दिवा लागायचा आणि पायडल लगेच जड व्हायचं. अल्टरनेटरचंही तेच, नुसता फिरताना हलका असतो, करंट मागितला की इंजिनाला जड होतो आणि ते जडपण शेवटी पेट्रोलच भरून काढतं.

आता आकडे बघा. सहा सेलचं (पाणी फोडणाऱ्या सहा कप्प्यांचं) किट २० अँपियर खात असेल तर फॅरेडेच्या नियमाने, म्हणजे किती करंटला किती गॅस निघतो त्या हिशोबाने, तासाला जास्तीत जास्त साडेचार ग्रॅम हायड्रोजन निघतो, मेकॅनिक कितीही हुशार असला तरी. त्यातली ऊर्जा साधारण १७ मिली पेट्रोलएवढी, म्हणजे चहाचे तीन-साडेतीन चमचे. आणि ते २० अँपियर बनवायला? पेट्रोलमधली जेमतेम पाव ऊर्जा इंजिन कामाला लावतं, त्यातली निम्म्याहून थोडी जास्त अल्टरनेटर विजेत बदलतो, म्हणजे तासाला २०० मिलीच्या आसपास पेट्रोल गेलं. ग्लासभर ओतायचं आणि तीन चमचे परत घ्यायचे, असा हा व्यवहार.

मेकॅनिक पुढे म्हणेल की हायड्रोजनमुळे पेट्रोल पूर्ण जळतं. हायड्रोजन झटकन पेटतो हे खरंय, पण चालू इंजिनात पेट्रोल जवळपास सगळं जळतंच, वाया जाते ती उष्णता, आणि ती सायलेन्सर-रेडिएटरमधून जाते, तिथे ही डबी काय करणार? २०२२ मध्ये गडकरी टोयोटाच्या ज्या मिराई गाडीतून संसदेत गेले ती हायड्रोजनवरच चालते, पण तिचा गॅस बाहेर बनवून टाकीत भरलेला असतो, गाडी तो स्वतः बनवत बसत नाही.

मग भाऊजींचे १५ कुठून आले? किट बसवताना प्लग, एअर फिल्टर बदलला का, टायरात हवा भरली का ते विचारा, आणि नवीन खेळणं आलं की माणूस आपोआप हळू चालवतो हेही आहेच. काही किटवाले ऑक्सिजन सेन्सरला फसवणारं सर्किटही लावतात, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल कमी सोडतो आणि इंजिन तापायला लागतं, ते मायलेज महागात पडतं. किटचा स्विच बंद ठेवून त्याच रस्त्यावर दोन वेळा टाकी फुल टू फुल मोजायला सांगा.

तोवर एक मात्र आजच सांगा. त्या डबीत नुसतं पाणी नसतं, बहुतेक वेळा कॉस्टिक पोटॅश (जाळणारा तीव्र क्षार) असतं, डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो. आणि नळीतला गॅस म्हणजे हायड्रोजन-ऑक्सिजनचं तयार मिश्रण, एका ठिणगीने भडकणारं. त्यामुळे पाणी टाकताना हातमोजे आणि चष्मा घालायचा, आणि बॉनेट उघडं असताना शेजारी कुणी सिगरेट पेटवली तर आधी त्याला लांब करायचं.